हाफ-टन पिकअपमध्ये कोणते डिझेल बसवायचे, हे ठरते कसे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत रॅम 2500 किंवा फोर्ड सुपर ड्यूटीसारख्या जड पिकअपमध्ये साडेसहा-सात लिटरची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे चालत आली आहेत. मग त्याच कंपन्यांच्या हलक्या (हाफ-टन) पिकअपमध्ये, म्हणजे रॅम 1500, एफ-150 आणि शेवरोले सिल्व्हरॅडो 1500 मध्ये, तीन-तीन लिटरचीच डिझेल का आली? मोठे इंजिन थोडे दाबून तिथेच का बसवले नाही? आणि त्या तिघांतली दोन बंद का पडली?

वीस वर्षांहून जास्त काळ मी इंजिन गाडीत बसवणे आणि त्याचे कॅलिब्रेशन करणे याच कामात आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला अनेक बाजूंनी देता येईल. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. हलक्या पिकअपसाठी डिझेल निवडायची बैठक भरते तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या डिझेलची चर्चा जेमतेम पाच मिनिटे होते. उरलेला सगळा वेळ जातो तो आपल्याच पेट्रोल इंजिनाशी तुलना करण्यात. त्याच बॉनेटखाली, त्याच गिअरबॉक्सला जोडलेले, स्वस्तातले पेट्रोल इंजिन आधीच हजर असते. डिझेलने त्याच्यापेक्षा काय जास्त दिले, हे सिद्ध होईपर्यंत पुढचे पान उलटत नाही.

आता मोठे इंजिन का नाही, ते पाहू. अमेरिकेत हलके आणि जड यांच्यामधली रेघ 8,500 पौंडांवर आहे. गाडी, माणसे आणि माल मिळून गाडीचे कमाल परवानगीचे वजन या रेघेच्या आत असेल तर ती हलक्या वाहनांत मोजली जाते, वर गेले की जड. ही रेघ कागदावरची असली तरी इंजिनाच्या दृष्टीने ती भिंतच आहे. 2010 च्या सुमाराचे आकडे घ्या. हलक्या पिकअपमध्ये डिझेल विकायचे तर ते साधारणपणे धुराच्या सरकारी नियमांच्या टियर 2 या टप्प्यातल्या बिन 5 या गटात बसवावे लागे, म्हणजे मैलाला 0.07 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड. रेघेच्या लगेच वरच्या पिकअपला तीच मर्यादा 0.2 ग्रॅम होती. जवळजवळ तिप्पट सूट. टियर 3 मध्ये हे अंतर आणखी वाढले: हलक्या वाहनांच्या ताफ्याची सरासरी 2025 पर्यंत मैलाला 30 मिलिग्रॅमवर आणायची, आणि 8,500 ते 10,000 पौंडांच्या गटाची 178 मिलिग्रॅमवर. इथे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून मोजतात, त्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. दोन गटांमधले अंतर तेवढे बघा.

म्हणून जड पिकअपमधले इंजिन उचलून हलक्यात टाकले की पहिला प्रश्न धुराचा येतो, आणि दुसरा वजनाचा. रॅम 2500 मधले कमिन्स कंपनीचे 6.7 लिटरचे सरळ-सहा (एका ओळीत सहा सिलिंडर) इंजिन एकटेच हजार पौंडांच्या वर भरते. 'हाफ-टन' या नावातला अर्धा टन म्हणजे मुळात हजार पौंड माल. आज या गाड्या त्याहून बराच जास्त माल घेतात हे खरे, पण इंजिनाचा प्रत्येक जादा पौंड पुढच्या अ‍ॅक्सलवर बसतो आणि मालाच्या हिशोबातून वजा होतो. गिऱ्हाईक ट्रेलर ओढायला डिझेल घेतो. नऊ हजार पौंडांच्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे नऊशे ते साडेतेराशे पौंड, गाडीच्या मागच्या बाजूला बसतो आणि तोही मालातच धरला जातो. त्यातच डिझेल दोनशे पौंडांनी जड निघाले, की बायको-मुले आणि कुत्रा बसल्यावर गाडी कागदोपत्री ओव्हरलोड होते. ट्रेलर ओढायची ताकद भरपूर, पण माल घ्यायची सोय संपलेली, अशी ही विचित्र अवस्था मी एकापेक्षा जास्त प्रकल्पांत पाहिली आहे.

यातून मधला मार्ग काढायचा एक प्रामाणिक प्रयत्न निसानने केला. 2016 च्या टायटन एक्सडीमध्ये कमिन्सचे 5 लिटरचे व्ही8 होते: 310 हॉर्सपॉवर आणि 555 पौंड-फूट टॉर्क. या इंजिनाचा इतिहास लांबचा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने कमिन्सने हलक्या ट्रकांसाठी डिझेलवर काम सुरू केले ते 1990 च्या दशकात. पुढे ते रॅम बनवणाऱ्या क्रायस्लरच्या गाड्यांसाठी ठरले, आणि 2009 मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्यावर इंजिन तयार असून घर नाही अशी वेळ आली. ते निसानकडे गेले. इंजिन उत्तम होते, ब्लॉक सीजीआयचा (एक जास्त मजबूत बीड), दोन टप्प्यांचा टर्बो. पण एवढे इंजिन पेलायला गाडी 8,500 च्या रेघेच्या वर न्यावी लागली. वर गेल्यावर तिला मायलेजचा सरकारी आकडा लावायची गरज राहिली नाही, आणि डिझेल घेण्याचे जे मुख्य कारण गिऱ्हाईक शोरूममध्ये शोधतो तेच काचेवरून गायब झाले. जड पिकअपचा गिऱ्हाईक म्हणाला ही पुरेशी जड नाही, हलक्याचा म्हणाला फार जड आहे. 2019 नंतर ते डिझेल थांबले.

तर मग तीन लिटर कुठून आले? सरळ सांगायचे तर, कपाटात तीन लिटरचीच इंजिने होती. कोऱ्या कागदावरून डिझेल इंजिन उभे करायचे म्हणजे कारखाना, साचे, इंजेक्शन, एक्झॉस्टची शुद्धीकरण साखळी आणि प्रमाणपत्रासाठी दोन-तीन हिवाळे. अमेरिकेत हलक्या डिझेलची विक्री एवढी कमी, की एकट्या पिकअपवर हा खर्च निघत नाही. युरोपात मात्र मोठ्या मोटारींसाठी तीन लिटरचे व्ही6 हजारोंनी बनत होते. रॅमने 2014 मध्ये आणलेले इकोडिझेल इटलीतल्या चेंतो गावच्या व्हीएम मोटोरीचे होते. गंमत म्हणजे ते मूळ शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या (जीएम) सहभागाने, युरोपातल्या कॅडिलॅकसाठी आकाराला आले होते. फोर्डने 2018 मध्ये एफ-150 ला दिलेले पॉवर स्ट्रोक हे इंग्लंडमधल्या डॅगनहमच्या कारखान्यात बनणाऱ्या 'लायन' घराण्यातले. फोर्ड आणि पूजो-सिट्रोएन यांनी मिळून काढलेले आणि लँड रोव्हर-जॅग्वारमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले.

याआधी पिकअपसाठीच मोठी इंजिने काढायचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. जीएमचे 4.5 लिटरचे ड्युरामॅक्स व्ही8 जवळपास तयार होते. एक्झॉस्ट सिलिंडरच्या दोन्ही ओळींच्या मधल्या दरीत काढून टर्बो तिथेच बसवलेला, अतिशय देखणी मांडणी. फोर्डकडे लायन घराण्यातलेच 4.4 लिटरचे व्ही8 होते. 2008-09 च्या मंदीत हलक्या पिकअपसाठीचे दोन्ही बेत गुंडाळले गेले. 4.4 चे इंजिन पुढे रेंज रोव्हरमध्ये गेले, 4.5 कुठेच गेले नाही. ती दोन इंजिने रस्त्यावर आली असती तर हा प्रश्न आज वेगळा विचारला गेला असता, याचे मला अजून वाईट वाटते.

तयार इंजिन मिळाले म्हणजे काम संपले असे कुणी समजू नये. युरोपातल्या मोटारीतले इंजिन आयुष्यातला बराच काळ अर्ध्याहून कमी भारावर फिरते. पिकअपमध्ये तेच इंजिन बोट किंवा कॅम्पर ओढत घाट चढते. अमेरिकन डिझेलचा सीटेन आकडा किमान 40, युरोपात किमान 51. म्हणजे इंधन उशिरा पेट घेते, थंडीत खडखड वाढते, पायलट इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) नव्याने बसवावे लागते. वंगणपणाही वेगळा: घासणीच्या चाचणीत अमेरिकेत 520 मायक्रॉनपर्यंतची खूण चालते, युरोपात 460 पर्यंत. दोन हजार बारच्या वर दाब देणाऱ्या पंपासाठी हा फरक किरकोळ नाही. पंपाच्या रोलरने आडवे वळून सगळ्या इंधन लाइनमध्ये लोखंडाचा चुरा सोडलेला मी माझ्या बाकावर उघडून पाहिला आहे. इंधनात बोट बुडवून उन्हात धरले की चमकी लावल्यासारखे दिसते. तिथून पुढे पंप, इंजेक्टर, रेल, टाकी, सगळे बदलायचे. आणि धुराचे प्रमाणपत्र युरोपात 1,60,000 किलोमीटरच्या टिकाऊपणावर मिळते, तर अमेरिकेत या वजनगटाला दीड लाख मैलांवर, म्हणजे सुमारे 2,40,000 किलोमीटरवर.

ब्लॉकबद्दल दोन शब्द. 1978 मध्ये ओल्ड्समोबिलचे 5.7 लिटर डिझेल आले तेव्हा पेट्रोल व्ही8 चेच यंत्रसामान वापरता यावे म्हणून हेडच्या बोल्टांची मांडणी पेट्रोलचीच ठेवली. डिझेलचा दाब त्या बोल्टांना झेपला नाही, गॅस्केट उडू लागली, इंधनातले पाणी वेगळे करायची सोयही नव्हती. 1985 मध्ये ते बंद झाले, पण अमेरिकन माणसाच्या मनातली डिझेलबद्दलची अढी पुढे कितीतरी वर्षे राहिली. आजच्या डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब 180 बारच्या आसपास किंवा वर जातो. त्यासाठी इकोडिझेल, पॉवर स्ट्रोक आणि टायटनचे कमिन्स या तिघांनी सीजीआय घेतले. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखे असते, आणि चीर त्या पापुद्र्याच्या टोकापासून सुटते. सीजीआयमध्ये ते आखूड, जाड अळ्यांसारखे असते, त्यामुळे भिंती पातळ ठेवूनही ब्लॉक टिकतो. मात्र ते कापताना टूल भराभर झिजतात, म्हणून उत्पादनवाले त्याचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतात. जीएमने 2020 मध्ये ॲल्युमिनियमचा ब्लॉक घेतला, त्याकडे नंतर येतो.

निवडीचा खरा निकाल मात्र दोन जागी लागतो, आणि त्या दोन्ही जागांना एकमेकींचे अजिबात पटत नाही.

पहिली जागा म्हणजे धुराची चाचणीखोली. गाडी रात्रभर, किमान बारा तास, वीस ते तीस अंशांच्या खोलीत मुरवत ठेवतात. सकाळी तिला सुरू न करता ढकलत रोलरवर आणतात, कारण इंजिन एक सेकंद जरी फिरले तरी चाचणी बाद. मग किल्ली फिरते आणि पहिल्या 505 सेकंदांत सगळा खेळ होतो. नायट्रोजन ऑक्साइड मारणारा एससीआर उत्प्रेरक साधारण दोनशे अंशांच्या आसपास कामाला लागतो. त्याआधी त्याला लागणारा युरिया फवारला तर तो पाइपात पांढऱ्या खड्यांसारखा साचतो. पेट्रोल गाडीचा उत्प्रेरक इतका तापायला वीस-तीस सेकंद पुरतात. डिझेलचा एक्झॉस्ट मुळातच थंड, कारण तीच त्याची कार्यक्षमता. मोठे डिझेल या हलक्या चाचणीत जेमतेम गुरगुरते, त्याचा भार इतका कमी की उत्प्रेरक तापतच नाही. लहान इंजिन त्याच वेगाला जास्त भारावर चालते, लवकर तापते. तीन लिटर का, याचे अर्धे उत्तर मी त्या खोलीत स्क्रीनवर तापमानाची रेघ चढायची वाट पाहत शिकलो.

दुसरी जागा अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट. बुलहेड सिटीपासून वर युनियन पासकडे 11.4 मैल, सुमारे तीन हजार फूट चढ. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या नियमाप्रमाणे ट्रेलरची क्षमता जाहीर करायची तर बाहेर किमान शंभर अंश फॅरनहाइट असताना, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेला ट्रेलर ताशी 40 मैलांच्या खाली न येता वर न्यायचा. इंजिन तापून गाडीने ताकद कापली की संपले. तिथे लहान डिझेलचा जीव जातो. पाणी तापते, तेल तापते, टर्बोतून आलेली हवा थंड करणारा कूलर पुढे आणि रेडिएटर मागे, दोघांना एकाच जाळीतून हवा. फोर्डने एफ-150 च्या डिझेलला विजेच्या पंख्याऐवजी इंजिनावरून चालणारा मोठा पंखा दिला तो यासाठीच. त्याच नियमात बारा टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा गाडी थांब्यातून उचलायची असते. तिथे टर्बो झोपलेला, इंजिन म्हणजे साधे तीन लिटरचे, आणि मागे पाच टन. म्हणून गिअरबॉक्सचा पहिला गिअर खोल हवा. फोर्ड आणि जीएमने मिळून काढलेल्या दहा-गिअरच्या पेटीत तो जवळपास 4.7 आहे. ही पेटी आणि रॅमची आठ-गिअरची पेटी नसती, तर तीन लिटरच्या डिझेलचा विचारच झाला नसता.

आता या दोन जागांचे भांडण. घाटात इंजिन वाचवायला कॅलिब्रेशनवाला एक्झॉस्टचे पुनर्चक्रण, म्हणजे ईजीआर, कमी करू पाहतो. ते कमी केले की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. कायदा त्याला पूर्ण मनाई करत नाही, पण अशी प्रत्येक तरतूद अर्जात लिहून, कारण देऊन मंजूर करून घ्यावी लागते. 2015 मध्ये फोक्सवॅगनचे धुराच्या चाचणीतल्या फसवणुकीचे प्रकरण फुटल्यावर पर्यावरण खात्याने सगळ्याच डिझेल गाड्या ठरलेल्या चाचणीबाहेर पळवून पाहायला सुरुवात केली. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी रॅमच्या मालक कंपनीला, फियाट क्रायस्लरला, नोटीस दिली: 2014 ते 2016 च्या सुमारे 1,04,000 तीन लिटरच्या गाड्यांमध्ये अशा किमान आठ तरतुदी जाहीर केलेल्या नाहीत. 2019 मध्ये कंपनीने सुमारे 80 कोटी डॉलरवर तडजोड केली. निवडीच्या बैठकीवर याचा परिणाम असा झाला, की लहान इंजिनातून जास्तीत जास्त पिळून काढण्याची हौस कमी झाली. ज्या इंजिनाला घाटातही ईजीआर चालू ठेवून श्वास उरतो, तेच इंजिन आता कागदावर पास होते.

पैशाचा हिशोब थोडक्यात देतो, पण तो कडू आहे. वर्षाला 15,000 मैल धरा. पेट्रोलला गॅलनमागे 20 मैल, डिझेलला 26, म्हणजे 750 गॅलन विरुद्ध साधारण 577. दोन्ही इंधने 3 डॉलरला मिळाली तर वर्षाला 519 डॉलर वाचतात. इंजिनाचे जादा तीन हजार सहा वर्षांच्या आत निघतात. डिझेल वीस टक्क्यांनी महाग झाले की बचत पावणेदोनशे डॉलरच्या आसपास उतरते, आणि तेच तीन हजार वसूल व्हायला सतरा वर्षे. केंद्र सरकारचा करच पेट्रोलला गॅलनमागे 18.4 सेंट आणि डिझेलला 24.4 सेंट आहे. कंपनीच्या बाजूनेही फायदा दिसतो त्यापेक्षा लहान असतो: गॅलनभर डिझेल जळले की 10,180 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलचे 8,887. म्हणजे मायलेज वीस टक्के वाढले तरी कार्बन पाच टक्क्यांनीही कमी होत नाही. त्याच पैशात हायब्रिड केले तर दोन्ही बाजूंनी जास्त मिळते. 2021 च्या एफ-150 पॉवरबूस्ट हायब्रिडमध्ये 570 पौंड-फूट टॉर्क आला, त्याच गाडीतल्या डिझेलला 440 होता. फोर्डने डिझेल त्याच मॉडेल वर्षात थांबवले. रॅमने इकोडिझेल 480 पौंड-फूटपर्यंत नेले आणि 2023 च्या जानेवारीत बंद केले. 2025 च्या रॅममध्ये तीन लिटरचेच ट्विन-टर्बो पेट्रोल सरळ-सहा आले, त्याच्या साध्या आवृत्तीतच 469. डिझेलचा टॉर्क पेट्रोलने गाठला, तोही युरियाच्या टाकीशिवाय.

मग जीएमचे का टिकले? त्यांनी मांडणीच वेगळी घेतली. व्ही6 ऐवजी सरळ-सहा. सहा सिलिंडर एका ओळीत असले की इंजिन आपोआप संतुलित राहते, बॅलन्स शाफ्ट लागत नाही, आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला निघतो. टर्बो एक, त्याच्या लगेच खाली उत्प्रेरक, अगदी चिकटून. मघाशी सांगितलेल्या 505 सेकंदांसाठी याहून चांगली जागा नाही. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकने वजन आटोक्यात राहिले. 277 हॉर्सपॉवर, 460 पौंड-फूट, आणि दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये हायवेला 33 मैलांचा सरकारी आकडा. 2023 पासून 305 आणि 495. लांबी वाढते ही सरळ-सहाची अडचण, म्हणून टायमिंग साखळ्या आणि तेलपंपाचा पट्टा मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला गेला. तो पट्टा दीड लाख मैलांना बदलायचा, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा. मला ही तडजोड आवडत नाही, पण ती का केली हे समजते.

त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे किंमत. 2020 च्या सिल्व्हरॅडोत या डिझेलची किंमत 6.2 लिटर पेट्रोल व्ही8 इतकीच ठेवली गेली. वर दिलेला सतरा वर्षांचा हिशोब तिथे सुरूच होत नाही. गिऱ्हाईकाने फक्त ठरवायचे, वेग हवा की पल्ला. फोर्डने आपले डिझेल सुरुवातीला सामान्य गिऱ्हाईकाला लॅरिएट आणि त्यावरच्या महाग आवृत्त्यांतच दिले. आणि जीएमचे इंजिन मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये बनते, तेच 2021 पासून टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेडमध्येही बसू लागले. एका कारखान्याला इतक्या गाड्या मिळाल्या की प्रमाणपत्राचा खर्च त्यांच्यात वाटला जातो. डॅगनहमहून येणारे पॉवर स्ट्रोक अमेरिकेत फोर्डच्या दुसऱ्या एकाही गाडीत बसले नाही.